अकरावा पाय

या बेटावर झाड नाही.
गवत आहे, छपरांवरसुद्धा गवत,
आणि वारा असा, की रोपानं मान वर काढायच्या आत
त्याचा हिशेब चुकता.
झाड म्हणून जे काही आहे, ते सांद्विकच्या धक्क्यावर,
या टपरीत, तळहाताएवढ्या बोर्डाच्या पोटात:
मुळाशी एक तिरपी रेघ,
तिच्याखाली फांद्या, फांदीला फांदी,
आणि पानोपानी लिहिलेलं
कोण जागं, कोण निजलेलं.

त्या मूळ झाडाला हात लावायचा नाही.
हे मला तुम्मासनं शिकवलं.
त्याच्या जाड बोटाखाली दोन कळा एकदम दाबल्या जायच्या,
मग शिवी, मग खोडणं, मग पुन्हा.
तरुणपणी डेन्मार्कला सफरचंदाच्या बागेत
दोन हंगाम काढले होते त्यानं,
डोळा भरायला तिथंच शिकला.
"खुंट राहू दे तसाच, मार्युन. वर कलम बांध.
नाही जगलं तर सोडून टाक,
खुंटाचं काही जात नाही."

आज मला समुद्र जोडायचाय.
भरतीचा मापक नवा आहे,
त्याच्या वायरींना अजून थर्मोकोलचे दाणे चिकटलेत.
त्याला दोन पाय हवेत बोर्डाचे:
अकरावा ऐकायला,
तेरावा बोलायला.
एकेका पायाला आठ-आठ कामं येतात,
पण एका वेळी एकच.
सहावं म्हणजे संभाषण.
सातवं म्हणजे नुसतं हो किंवा नाही.
मी सहा लिहिलं. अर्धविराम. महिरप बंद.
कलम बांधलं, बोर्ड निजवला, उठवला.

पाय अकरा: आधीच घेतलेला आहे.

कुणी?
या टपरीत मी आणि एक हीटर.

फांदी फांदी चाचपत गेले
तेव्हा सापडलं त्याचं जुनं कलम,
बारा ओळींचं. नाव घंटा.
पाय अकरा, काम सातवं,
वर ओढून धरलेला,
म्हणजे कुणी बटण दाबून त्याला जमिनीला टेकवेपर्यंत
तसाच ताठ.
आणि शेवटी, दोन तिरप्या रेघांच्या पुढे,
जिथलं यंत्र वाचत नाही:
गुन्वोर होडीतून उतरली की दाबते.
लगेच बाहेर जा, दोर धर. ती रागावते.

गुन्वोर आता मुलीकडे असते, तोर्शाव्हनला.
होडी विकली.
बटण मागच्या हिवाळ्यात वादळानं नेलं, खांबासकट.
तुम्मास चर्चच्या भिंतीपलीकडे,
दुसऱ्या रांगेत.
ही बातमी बोर्डाला कुणी दिलीच नाही.
तीन वर्षं तो पाय
कुणाच्या तरी बोटाची वाट बघत
उचललेलाच.

पुसायला एक कळ पुरे होती.
मी पुसलं नाही.
त्याच्याच रीतीनं त्याच्या कलमावर माझं कलम:
घंटा, स्थिती बंद.
यंत्राला "गेला" म्हणून सांगता येत नाही,
"बंद" सांगता येतं.

पुन्हा निजवला, उठवला.
पहिल्यांदा नुसता कचरा, चौकोन आणि प्रश्नचिन्हं.
वेग चुकला होता, ती चूक माझी.
चहा पार गार झाला.
मग, चारच्या सुमारास, अंधार पडता पडता,
अकराव्या पायातून आला
एक पूर्णांक बेचाळीस.
जरा थांबून, एक पूर्णांक बेचाळीस.
जसं कुणी मुकं माणूस
आपलं नाव दोनदा सांगून बघतं.

माझ्या फाइलीच्या तळाशी
दोन तिरप्या रेघा ओढून
त्याची ओळ उतरवून घेतली, दोरासकट, रागासकट.
दिवा मालवायला उठले तर आकडा हलला,
पन्नास, एकेचाळीस, सत्तावन्न.
घाबरून दार उघडलं:
नव्या खांबाला
एक मेंढी पाठ घासत होती.